एक जागा, दोघं घरचीच

धुळे, १२ जून

रूपा,

तुझ्या भावाने फोनवर तुझा निरोप दिला. "ती म्हणते, फोनवर ते बोलत नाहीत, तास घेतात. काय असेल ते लिहून पाठवा." मागून तुझाच आवाज येत होता, म्हणजे निरोप अगदी ताजा होता. ठीक आहे, लिहितो. इतकी वर्षं फळ्यावर लिहितोय, कागदावरही जमेल. मोबाइलवर लिहिलं असतं, पण ते तू अंगठ्याने वर सरकवून दिलं असतंस. पाकीट फोडायला निदान दोन्ही हात लागतात.

बातमी अशी की निकाल लागला. आज सकाळी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लावला. विषय अर्थशास्त्र, तासिका तत्त्वावर, जागा एक. पहिलं नाव सौ. रूपा भूपेंद्र बोरसे. दुसरं नाव डॉ. भूपेंद्र बोरसे. तिसरा तो हितेंद्र, आपल्या संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

तिथे नासीर होता. राज्यशास्त्राचा त्याचा निकाल अजून लागायचा आहे, म्हणून तो रोज येऊन बोर्ड बघून जातो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, घरात एक तरी सिलेक्शन आलं. आमच्या घरात तेही नाही." तो चेष्टा करत होता की सांत्वन, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. ऑफिसातल्या लोकांनी माझ्याकडे पेढे मागितले. कशाचे, असं विचारलं तर म्हणाले, वहिनींचे. मी पेढे आणून वाटले. लोकांनी खाल्ले.

तुला तीस जूनपर्यंत येऊन सही करायची आहे. तू आली नाहीस तर दुसऱ्या क्रमांकाला बोलावतात. हे मी फक्त नियम म्हणून कळवतोय. तू काय ठरवायचं ते तू ठरव, मी त्यात पडणार नाही.

आईला सांगितलं, रूपा पहिली आली. तिला वाटलं तू भुसावळहून परत आलीस, ती दारापर्यंत गेली. मग समजावून सांगितलं तर म्हणाली, "मास्तरीन व्हयनी ना ती? मंग तुनं तोंड असं का बरं शे?" मी म्हटलं, ऊन फार आहे. तिने मला कांदा दिला, खिशात ठेवायला.

तुझी जलजिऱ्याची बाटली फ्रिजमध्ये तशीच आहे.

भूपेंद्र


धुळे, १५ जून

रूपा,

उत्तर आलं नाही. टपाल आहे, वेळ लागतो, हे मी स्वतःलाच सांगतोय.

आज मागच्या तासाची उजळणी करणार आहे. तू म्हणशील, मला माहीत असलेलं मलाच का सांगता. सवय आहे. शिवाय हे सगळं एकदा ओळीने लिहून बघितलं तर कुठे काय बिघडलं ते सापडेल असं वाटतंय.

आपलं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या भावाने एकच प्रश्न विचारला होता, "पर्मनंट आहेत का?" मध्यस्थाने सांगितलं, होतील. तासिकेवरच्या प्राध्यापकाला खान्देशात पोरगी मिळत नाही. मला तू मिळालीस ती त्या 'होतील'वर. मी पीएच. डी. आहे, दर जूनमध्ये माझी नव्याने मुलाखत होते, दर मार्चला मला मोकळं करतात, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा विचारतात, "आपल्याला शिकवण्याचा काही अनुभव?" हे तुला लग्नानंतर कळलं. तू तेव्हा इतकी हसलीस की मीही हसलो.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एम. ए.च्या वर्गाला पोरं कमी पडली. ठरलेली संख्या भरली नाही तर वर्ग बंद, वर्ग बंद तर माझे तास बंद. दर वर्षीचंच होतं ते. भर उन्हात आम्ही मास्तर लोक फटफटीवर गावोगाव फिरतो, पोरांच्या आईबापांना गळ घालतो, प्रसंगी फी स्वतःच्या खिशातून भरतो. त्या वर्षी एवढं करूनही एक नाव कमी होतं. विभागप्रमुख मोतीलाल सर म्हणाले, "भूपेंद्र, तुझी बायको बी. ए. आहे ना? तिचं नाव टाक. कोणती येऊन बसणार आहे." मी तुझं नाव टाकलं. तू येऊन बसलीस. पहिल्या बाकावर.

तू प्रश्न विचारायचीस तेव्हा वर्गातली पोरं माझ्याकडे बघायची, सर घरी काय उत्तर देतात म्हणून. घरी मी सांगायचो, "अगं, तू फक्त नावाला आहेस." तू म्हणायचीस, "नावाला आहे तर नाव खराब कशाला करू?" मग तू जळगावच्या विद्यापीठाच्या परीक्षेत आपल्या वर्गातून पहिली आलीस. मग प्राध्यापकीची सेट परीक्षाही पास झालीस. मी सगळ्यांना सांगत फिरायचो. ते खोटं नव्हतं रूपा. मला खरंच आनंद झाला होता.

आता मुलाखतीचं. संस्थेला कागदोपत्री किमान तीन उमेदवार लागतात, नाहीतर निवड ग्राह्य धरत नाहीत. इतकी वर्षं माझे वर्गमित्र सुकदेव आणि तेजस यायचे. इस्त्रीचा शर्ट घालून मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचे, शेवभाजी खाऊन आपापल्या गावी जायचे. यंदा सुकदेव गाड्यांचे थकलेले हप्ते वसूल करणाऱ्या कंपनीत लागलाय, त्याला सुटी नाही. तेजस नाशिकला गोदामात सुपरवायझर झाला. आमच्या एम. ए.च्या वर्गातला अर्थशास्त्राच्या नोकरीत टिकलेला मी एकटाच, तोही जून ते मार्च. अध्यक्षांचा भाचा आपणहून आला होता, तरी दोनच होत होते. म्हणून मी तुला म्हटलं, चल, संख्या भरायला. तू विचारलंस, "खरं बोलू की खोटं?" मी म्हणालो, "जमेल तसं बोल." तुझीच निवड होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

नमुना तासासाठी त्यांनी तुला प्रच्छन्न, म्हणजे छुपी, बेरोजगारी हा विषय दिला. मी खिडकीबाहेर बाकावर होतो. कूलरच्या आवाजात सगळं ऐकू येत नव्हतं, पण तू उदाहरण दिलंस ते आलं. तू म्हणालीस, समजा एका घरात नवरा-बायको दोघं एकाच तासासाठी बाहेर बसलेत. मग आतले सगळे हसले. विद्यापीठाचे तज्ज्ञ तर टेबलावर हात मारून हसले. नंतर मी आत गेलो तेव्हाही त्यांच्या तोंडावर ते हसू होतं. मला त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि बसा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी घरी जे बोललो ते तू विसरली नसशील. "तुला संख्या भरायला नेलं होतं, बोलायला नाही." तू ताट तसंच ठेवलंस आणि सकाळच्या एसटीने भुसावळ गाठलंस.

आता सरळ लिहितो. मागच्या पत्रात मी त्यात पडणार नाही म्हटलं, ते खरं नाही. तू सही करू नकोस. तू अजून तिशीचीही नाहीस, तुझ्यापुढे स्पर्धा परीक्षा आहेत, सांख्यिकी खात्याची भरती आहे, बँका आहेत. माझं वय सगळ्या जाहिरातींच्या पुढे निघून गेलंय. हा तास गेला तर मला दुसरं काही येत नाही. मी दुसरं काही शिकलोच नाही.

हे लिहिताना मला लाज वाटतेय, तरी लिहितोय.

भूपेंद्र


धुळे, २० जून

रूपा,

तुझा भाऊ म्हणतो, पत्रं पोचली, ती वाचते आणि गादीखाली ठेवते. गादीखाली ठेवलेल्या पत्राचं उत्तर कसं येणार?

काल माझ्या वर्गातली माहेनूर आली होती. सोबत तिची धाकटी बहीण, मिसबाह. दोघींनी शेवयांचा डबा आणला होता तुझ्यासाठी. तू भुसावळला गेलीस हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, माहेरी गेलीय, येईल. डबा आईने ठेवून घेतला.

माहेनूर आता एका बँकेच्या सेवा केंद्रावर बसते. म्हाताऱ्या बायांचे अंगठे मशीनवर लावून पेन्शन काढून देते. पावरलूमवर काम करणाऱ्या बापाची पोरगी एम. ए. झाली म्हणून मी दोन वर्षं तिचं नाव सगळ्या गावांत सांगितलं. ती म्हणाली, "सर, मशीनवर अंगठा उठत नाही तेव्हा त्या बाया माझ्यावर चिडतात. मी त्यांना सांगते, मी अर्थशास्त्र शिकले, अंगठा नाही." मी हसलो, पण मला तोंड वर करवेना.

मिसबाहला बी. ए. झाल्यावर आपल्या वर्गात घालायचं त्यांच्या मनात आहे. माहेनूरने विचारलं, "रूपा मॅडम शिकवणार ना आता? बोर्डावर नाव बघितलं. अब्बांना मी तेच सांगितलं, मॅडम असतील तर पोरीला पाठवा." मी विचारलं, आणि मी असलो तर? ती गडबडली. "सर, तुम्ही पण चांगलं शिकवता." हे 'पण' मी रात्रभर चघळलं.

ती सांगत होती, तू आपल्या ओट्यावर तिला मागणीची लवचिकता कशी शिकवलीस. मी त्या वेळी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो. मला आठवतंय, तुम्ही दोघी फार हसत होता आणि मी ओरडलो होतो, आवाज कमी. माझ्या वर्गात लवचिकता शिकवताना कोणी कधी हसलेलं नाही.

मी तिला सांगून टाकलं, मॅडम ती जागा घेणार नाहीत. कशाला पोरीला आशेवर ठेवायचं. तिने मिसबाहकडे बघितलं, मिसबाहने ओढणी सारखी केली आणि दोघी निघाल्या.

तू सही करू नकोस, हे मी पुन्हा लिहितो. तू गेल्यापासून घरात कोणी माझं ऐकून घेत नाही. आई म्हणते, "तूच तिले भरती कर आन तूच रडी राह्यना." तिला काय सांगू? अर्थशास्त्रात याला उत्तर असेल असं वाटून मी जुनी पुस्तकं काढली. त्यांत दोन देश असतात, दोन वस्तू असतात. दोन माणसं एका घरात राहतात असं कुठेच नाही.

भूपेंद्र


धुळे, २५ जून

रूपा,

हे पत्र नासीरच्या हाती पाठवतोय. तो भुसावळला मावशीकडे चाललाय, तुझ्या हातातच देईल. कृपा करून लगेच वाच, गादीखाली नंतर ठेव.

काल तुझा मेसेज आला. "सही करणार नाही. नकाराचं पत्र दोन दिवसांत टाकते. तुमच्या मनासारखं होऊ दे." मी तो वाचला आणि सुटलो असं वाटलं. आईला म्हटलं, आज गोड कर. ती म्हणाली, "सून इनी का?" मी म्हटलं, नाही. "मंग गोड कसानं?" तिने मूग-खिचडी टाकली.

मी मोतीलाल सरांकडे गेलो. एकतीस मेला ते निवृत्त झाले, तरी त्यांच्या घरी अजून कॉलेजचीच माणसं येतात. सर बनियनवर पेपर वाचत होते. मी सांगितलं, रूपा नकार देतेय, आता मला बोलावतील. सरांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"तुला कोणी सांगितलं तुला बोलावतील?"

"नियम आहे सर. दुसरा क्रमांक."

"अध्यक्ष काल भेटले होते मला. ते म्हणाले, या नवरा-बायकोच्या घोळात पडायचं नाही. एकाने नकार दिला की दोघांनी दिला असं धरणार. एक घर, एक उत्तर. मग तिसरा घेतील."

"सर, पण असं कुठल्या नियमात बसतं?"

"बसत नाही. तू विचारायला जाणार आहेस का?"

सरांनाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. विचारायला जाणाऱ्याचं नाव पुढच्या जूनमध्ये यादीतच नसतं. सरांनी पंखा वाढवला. म्हणाले, "भूपेंद्र, मी तीस वर्षं पगार घेतला आणि तुला एकदाही पर्मनंट करवून देऊ शकलो नाही. आता माझ्याकडे देण्यासारखा नुसता चहा आहे." मी चहा घेतला.

म्हणजे आता असं झालंय. तू सही केलीस तर माझी जागा जाते. तू सही केली नाहीस तर आपल्या दोघांचीही जाते आणि तो हितेंद्र शिकवायला येतो, ज्याला मुलाखतीत सीमांत उपयोगिता म्हणजे काय ते सांगता आलं नाही. हे मला तुझ्या मेसेजच्या आधी कळलं असतं तर मी असलं काही लिहिलंच नसतं. किंवा लिहिलं असतं. मला खरंच आता माझ्याबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही.

सरांकडून आल्यावर रात्रीपर्यंत तुला फोन लावला. तू उचलत नाहीस, तुझ्या आई उचलतात आणि म्हणतात, "ती वाचत बसलीय." शेवटी मी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून रडलो. आई बाजूला येऊन बसली.

ते पत्र टाकू नकोस. टाकलं असशील तर पोस्टात जाऊन परत माग, देतात का ठाऊक नाही. येऊन सही कर. मी आधी नको म्हणालो, आता कर म्हणतोय, यात तुला माझी लायकी दिसली असेल तर ती तशीच आहे.

भूपेंद्र


भुसावळ, २८ जून

अहो,

तुमचं वीस तारखेचं पत्र पोस्टाने आणि पंचवीसचं नासीरभाईंच्या हाती, एकाच दुपारी मिळालं. एकात सही करू नकोस, एकात कर. दोन्ही मांडीवर ठेवून बसले. आईने विचारलं, कोणाचं ऐकणार? मी म्हटलं, दोन्ही एकाच माणसाची आहेत.

नकाराचं पत्र मी लिहिलं होतं, पाकिटात घातलं होतं. तिकीट लावायचं राहिलं होतं. तुमच्या पंधरा तारखेच्या पत्रातलं 'मी दुसरं काही शिकलोच नाही' हे वाचून लिहिलं होतं मी ते. तुमची दया आली होती. मग वीसचं पत्र वाचलं. मी येणार नाही असं माहेनूरला तुम्ही परस्पर सांगून टाकलंत. मी तेव्हा नाही म्हटलेलंच नव्हतं. मला विचारायचंही तुमच्या मनात आलं नाही, आणि ते मलाच पत्रात लिहून कळवलंत, जसं काही तुम्ही दूधवाल्याला उद्या नको सांगितलं. पाकीट मी तिथेच फाडलं. नासीरभाई समोर बसले होते, ते घाबरून उठलेच.

आता नमुना तासाचं. मला वाटलं होतं तुम्ही कधीतरी विचाराल. मी म्हणाले, एका घरात नवरा-बायको दोघं एकाच तासासाठी बाहेर बसलेत. यातला एक काढला तरी शिकवणं कमी होणार नाही, मग जास्तीचं कोण? तज्ज्ञ म्हणाले, तुम्हीच सांगा. मी म्हणाले, आजपर्यंत तरी मीच, मला संख्या भरायला आणलंय. त्यावर ते हसले. तुमच्यावर कोणी हसलं नाही हो. आणि नंतर मी पुढे बोलत राहिले कारण मला ते येत होतं. येत असून चुकीचं सांगायला मला जमलं नाही. सुकदेवभाऊंना कसं जमायचं कोणास ठाऊक.

तुम्ही लिहिता, मी नावाला वर्गात बसले. घरात काम आवरून, आईंना गोळ्या देऊन, तुमच्याआधी रिक्षाने येऊन मी पहिला बाक धरायची. तुमचा तास मला आवडायचा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही घरी आल्यावर तो तासच परत घ्यायचात.

तीस तारखेला मी येऊन सही करणार आहे. तुम्ही सांगितलं म्हणून नाही. भाऊ म्हणतो, नवऱ्याच्या पोटावर पाय देऊ नकोस. मी त्याला म्हटलं, मी पाय दिला नाही तर तो हितेंद्र देणार आहे. त्याला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. तुमची बारा वर्षं माझ्या एका सहीने संपतात हे मला कळतं, आणि त्यावर मला काही करता येत नाही. मी खूप विचार केला.

घरी मात्र सध्या येणार नाही. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात खोली मिळतेय. सकाळी मी साडी नेसून त्या वर्गाला निघायचं आणि तुम्ही ओट्यावरून बघायचं, हे मला झेपणार नाही, आणि तुम्हालाही नाही. आईंना भेटायला रविवारी येत जाईन. त्यांना सांगा, शेवयांचा डबा रिकामा ठेवू नका, माहेनूरला काहीतरी भरून परत द्यायचा आहे.

जेवत जा.

रूपा


धुळे, ११ जुलै

रूपा,

गावातल्या गावात पत्र टाकताना पोस्टातल्या बाईने पत्ता दोनदा वाचला. एवढ्यासाठी तिकीट कशाला, रिक्षाने जाऊन द्या, म्हणाली. मी म्हटलं, असू द्या.

तू रविवारी आलीस, आईला न्हाऊ घातलंस, गेलीस. मी मुद्दाम बाहेर गेलो होतो. पांझरेच्या पुलावर उभा होतो. तू गेल्यावर आई म्हणाली, "तिना आवाज बसी गया शे, शिकाडी शिकाडी." मी मेडिकलमधून खडीसाखर आणि ज्येष्ठमध आणून ठेवलंय. पुढच्या रविवारी नेशील.

मी सध्या सकाळी एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना शिकवतो. क्लासवाला माझाच विद्यार्थी आहे, तो मला सर म्हणतो आणि उशीर झाला तर घड्याळाकडे बघतो. यावर काही लिहीत नाही.

काल नासीर म्हणाला, मॅडमच्या वर्गाला संख्या भरत नाहीये, ऑफिसात बोलणं चाललंय. त्याला राज्यशास्त्रासाठी पिंपळनेरकडे पोरं शोधायला जायचंच होतं. मी म्हटलं, मीही येतो. तो म्हणाला, "सर, तुम्ही आता कशाला?" मी फटफटीवर मागे बसलो.

पिंपळनेरच्या पुढे एका वस्तीवर बेबाबाई म्हणून बाई आहेत. एकट्या आहेत, पोरगी यंदा बी. ए. झालीय. त्या शेळ्या बांधत होत्या. नासीरने त्याचं सांगून बघितलं, राज्यशास्त्र त्यांना नको होतं. मग मी अर्थशास्त्राचं सांगायला लागलो. त्यांनी मध्येच विचारलं, "पन सर, हाई शिकीसन काय व्हस?"

इतक्या वर्षांत या प्रश्नाला मी किती उत्तरं दिली असतील. बँकेत लागते, सांख्यिकी खात्यात लागते, स्पर्धा परीक्षा देते, सर्व्हे करणाऱ्या संस्थांत घेतात. सगळं तोंडपाठ आहे. काल ते तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "मनी बायको हाईच शिकनी. आते धुळाना कॉलेजमा शिकाडस."

बाईंनी शेळी सोडली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "खरंच?"

"खरंच. बोर्डवर पहिलं नाव व्हतं तिनं."

हे सांगताना मला तुझा अभिमान वाटला. तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. नोटीस बोर्डापुढे वाटायला हवा होता, तो तिथे शेणाच्या वासात वाटला.

मग त्यांनी विचारलं, "आन तुम्ही?"

"मीबी तेच शिकनू."

"मंग?"

नासीर गाडीच्या आरशाकडे बघत राहिला. माझे डोळे भरले, आणि त्या बाईंसमोर मी तसाच उभा राहिलो. त्यांनी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, पोरीला हाक मारली आणि तिच्या सगळ्या मार्कशीटा माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "जी मास्तरीन शे, तिनाजवळ पोरीले धाडस मी."

कागद सोबत पाठवतोय, प्रवेश करून घे. पोरगी आकड्यांना घाबरते, तिला सांभाळ.

अजून नावं कमी आहेत. उद्या आम्ही साक्रीकडच्या गावांना जातोय, परवा शिरपूरच्या बाजूला. वर्ग भरला पाहिजे रूपा. तुझीही जागा गेली तर दारात उभं राहून मी कोणाचं नाव सांगू?

भूपेंद्र